तोलेदोहून आणलेली तलवार

रेपियर ही युरोपी तलवार घ्यायच्या विचारात असाल, भिंतीवर लावायला किंवा सरावाला, तर पैसे मोजण्याआधी हे वाचा. माझे ३४० युरो गेले. पण पैशांचं दुःख ओसरलं. त्या संध्याकाळी जे होता होता राहिलं, त्याची धडकी अजून गेलेली नाही.

मी मूळची कोल्हापूरची. लहानपणी पेठेतल्या आखाड्यात लाठी आणि पट्टा फिरवलेला. नोकरीसाठी ड्युसेलडॉर्फला आल्यावर सतराव्या शतकातली रेपियरची तलवारबाजी शिकवणारा एक वर्ग सापडला आणि मी त्यात रमले. रेपियर म्हणजे लांब, सरळ, अरुंद पात्याची तलवार, मुख्यतः भोसकण्यासाठी. हाताच्या रक्षणाला मुठीभोवती वळणदार कड्या नाहीतर वाटी असते. दोन वर्षं वर्गातल्या तलवारीवर शिकले. मग आपली स्वतःची असावी असं फार वाटू लागलं.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही स्पेनला, तलवारींसाठी नावाजलेल्या तोलेदोला गेलो. तिसऱ्या कार्लोस राजाने १७६१ मध्ये काढलेल्या तिथल्या शस्त्रांच्या कारखान्याच्या जागी आता विद्यापीठ आहे, ते सकाळीच बघितलं होतं. मन भारावलेलं होतं. सोकोदोवेर चौकाजवळच्या एका दुकानात शिरलो. दुकानदार अगदी गोड बोलणारा. हाताने घडवलेली आहे, तोलेदोचं पोलाद आहे, पातं मुठीच्या शेवटापर्यंत एकसंध आहे, असं त्याने सांगितलं. मी दोनदा विचारलं, हिने सराव करता येईल ना? “नक्कीच, क्लबवाले आमच्याकडूनच नेतात,” तो म्हणाला. त्याने टोक काउंटरवर टेकवून पातं जरासं वाकवलं, ते परत सरळ झालं.

आमचे वस्ताद सांगायचे, हत्यार घेण्याआधी मूठ हलवून बघ. मी हलवली. जरासुद्धा खुळखुळ नाही. पात्यावर सोनेरी अक्षरांत ‘तोलेदो’ कोरलेलं होतं. मी पैसे दिले, वर ४५ युरो कुरियरचे. बिल स्पॅनिशमध्ये होतं, ते घडी करून पर्समध्ये टाकलं.

नवीन तलवार आली की आमचे शिक्षक आधी मूठ उघडून तपासतात, मगच वापरू देतात. त्या दिवशी त्यांना यायला उशीर होता आणि मला दम निघाला नाही. ही चूक माझी, दुकानदाराची नाही. मैत्रिणीबरोबर हळूहळू सराव सुरू केला, दोघींच्याही तोंडावर मास्क, अंगात जाड जाकीट. तिने माझा वार चौथ्यांदा की पाचव्यांदा अडवला आणि हात एकदम हलका झाला. मूठ माझ्या हातात आणि पातं हवेत. भिंतीशी एक सोळा वर्षांचा मुलगा बुटाची नाडी बांधत बसला होता. पातं त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर लाकडी जमिनीवर आपटलं. त्याचा मास्क शेजारी काढून ठेवलेला होता. हे लिहितानाही हात गार पडतो.

शिक्षक आल्यावर त्यांनी मुठीमागची गोळी फिरवून काढली आणि लाकडी मूठ फोडली. पातं आत जेमतेम दोन बोटं गेलेलं. पुढे पेन्सिलीएवढी आटे पाडलेली सळई, पात्याला वेल्डिंगने जोडलेली. मूठ हलत नव्हती, कारण आत गोंद ठासून भरला होता. मोडलेल्या जागेवर त्यांनी टॉर्च धरला. अर्धा भाग ताजा, चकचकीत; उरलेला अर्धा काळपट आणि मळलेला. म्हणजे जोडाला चीर आधीपासूनच होती, मी फक्त तिचं उरलेलं काम पूर्ण केलं. कड्यांवर कानस मारली तर मुलाम्याखाली राखाडी ओतीव मिश्रधातू निघाला. पातं स्टेनलेसचं.

स्टेनलेस स्वयंपाकघरातल्या सुरीला उत्तम. पण मीटरभर लांबीच्या पात्यावर सतत आघात बसायला लागले की ते ठिसूळ ठरतं. सरावाची रेपियर स्प्रिंग स्टीलची, म्हणजे वाकून पुन्हा सरळ होणाऱ्या पोलादाची असते, धार बोथट, टोक गोल केलेलं किंवा वर रबरी टोपी. वजन साधारण एक ते सव्वा किलो. दुकानदाराने वाकवून दाखवलं तो पात्याच्या टोकाकडचा भाग होता; मोडते ती जागा मुठीत असते आणि तिथे त्या परीक्षेचा ताण फारसा पोचत नाही. म्हणून मूठ उघडता येते का हे विचारा. उघडत नसेल तर आतल्या भागाचा फोटो मागा. तो द्यायला कुणी कुरकुर करत असेल तर तिथून निघा.

पात्यावरच्या नावाने मी भुलले, त्याबद्दल शिक्षकांनी मला आमच्या जवळच्याच झोलिंगेन गावाचं सांगितलं. तिथले कारागीर रेपियरच्या काळातही आपल्या पात्यांवर तोलेदोचं आणि तिथल्या नामांकित लोहारांचं नाव उठवून विकत. अशी युरोपी पाती आपल्याकडेही येत; आपल्या फिरंग तलवारीचं नाव त्यावरूनच पडलं.

बिल वर्गातल्या एका स्पॅनिश येणाऱ्या मित्राने वाचलं. वस्तूच्या नावापुढे ‘एस्पादा देकोरातिवा’, म्हणजे शोभेची तलवार. मी दुकानाला फोटो पाठवले. दोन ओळींचं उत्तर आलं: आम्ही शोभेची वस्तू विकली, बिलावर तसं लिहिलं आहे. चौदा दिवसांत परत करायचा हक्क ऑनलाइन खरेदीला असतो, दुकानात जाऊन घेतलेल्या मालाला तो नाही. तोंडी काय बोलला याचा पुरावा माझ्याकडे नव्हता. पुढच्या दोन मेलना उत्तर नाही.

नुसती भिंतीवर लावायची असेल तर स्टेनलेसच घ्या. कोकणातल्या पावसाळ्यातही ती फारशी गंजणार नाही; स्प्रिंग स्टीलला सतत तेलाचा हात लागतो. फक्त शोभेच्या वस्तूचीच किंमत द्या. आणि लग्नात फोटोसाठीसुद्धा ती कुणाला फिरवायला देऊ नका. आत कसला जोड आहे ते तुम्हाला बाहेरून दिसत नाही.

मी आता दुसरी मागवली आहे, सहा आठवड्यांनी येईल. या वेळी ‘सरावासाठी, बोथट, स्प्रिंग स्टील’ हे शब्द बिलावर लिहून घेतले आणि मुठीआतल्या भागाचा फोटो आधी मागवला. तोवर वर्गातली जुनीच तलवार. तो मुलगा अजून भिंतीशीच बसून नाड्या बांधतो. मी मात्र तो उठेपर्यंत सुरुवात करत नाही.