‘पेपर्स पेंडिंग’ सांगणाऱ्याकडून घोडा घेऊ नका

टेक्सासमध्ये, त्यातही डॅलसच्या उत्तरेला राहणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे लिहितोय. आपली मुलं वेस्टर्न रायडिंग (काउबॉय पद्धतीची घोडेस्वारी) शिकायला जातात, वर्षभरात ‘आपला स्वतःचा घोडा घेऊ या’ सुरू होतं आणि अशीच गिऱ्हाइकं हेरून बसलेली माणसं बरोबर समोर येतात. माझे 15,875 डॉलर गेले. वर आज माझ्याकडे एक अशी घोडी आहे जिचा बाप कोण, हे कागदावर कुणीच सांगू शकत नाही.

मला घोडी विकणाऱ्या माणसाची योजना अशी होती. क्वार्टर हॉर्स जातीचं, नुकतंच दूध तोडलेलं शिंगरू त्याच्याकडून विकत घ्यायचं. दोन वर्षांचं होईपर्यंत ते त्याच्याच कुरणात राहणार, मग तोच त्याला खोगिराला लावणार आणि रजिस्ट्रेशनही तोच करून देणार. आम्ही फ्रिस्कोत राहतो, घोडा बांधायला जागा कुठून आणणार? आणि दोन वर्षांच्या आत घोड्यावर कुणी शहाणा माणूस बसत नाही, म्हणजे वाट तर कुणालाही पाहावीच लागते. त्यामुळे त्याचं बोलणं पटण्यासारखंच होतं. कुरण जाऊन पाहिलं, डॉक्टरकडून शिंगरू तपासून घेतलं, कॉगिन्स टेस्टचा (घोड्यांच्या एका संसर्गजन्य रोगासाठीची रक्ततपासणी) रिपोर्ट मागून घेतला. डोळे मिटून पैसे दिले असं मला कुणी म्हणू नये.

ऑक्टोबर 2022 मध्ये शिंगराचे 6,500 दिले. ‘रजिस्ट्रेशन आणि डीएनए’ म्हणून 485. कुरणात ठेवायचे महिना 300, म्हणजे दीड वर्षाचे 5,400. पुढे एप्रिल 2024 पासून ट्रेनिंगचे महिना 950, तीन महिन्यांचे 2,850. सगळे झेलवरून (बँक खात्यातून थेट पैसे पाठवायची सोय), त्याच्या नावावर. झेलवरून पाठवू नका! चेक द्या आणि कशाचे पैसे ते चेकवर लिहा.

आता पेपर्सचं, म्हणजे नोंदणीच्या कागदांचं. क्वार्टर हॉर्सची नोंद अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनकडे होते. ही संस्था 1940 पासून आहे आणि तिचे नियम अगदी स्पष्ट आहेत. नर घोड्याचा मालक दरवर्षी आपल्या घोड्याकडे आलेल्या माद्यांची यादी पाठवतो. शिंगरू झालं की तो ब्रीडर्स सर्टिफिकेटवर, म्हणजे शिंगरू आपल्या नराचं असल्याच्या दाखल्यावर, सही करतो. अर्जावर आईच्या नोंदणीकृत मालकाचीही सही लागते. स्टड फी (नर लावल्याचे पैसे) थकली असेल तर नराचा मालक ते सर्टिफिकेट सोडतच नाही, आणि शिंगराचं वय वाढेल तशी नोंदणीची फीसुद्धा वाढत जाते. म्हणून ‘पेपर्स येतायत’ याला काही अर्थ नाही. सही केलेलं ब्रीडर्स सर्टिफिकेट डोळ्यांनी पाहा, नाहीतर रजिस्ट्रेशन नसलेल्या घोड्याचीच किंमत द्या.

आमच्या माणसानं आईचं सर्टिफिकेट दाखवलं होतं. त्यावर मालकाचं नाव दुसरंच. ‘मेहुण्याच्या नावावर आहे सर, फक्त ट्रान्सफर राहिलंय.’ इथे घरातल्या घरात जनावरं अशी नावावर फिरत असतात, हे खरंच आहे. लेक तेव्हा रजिस्ट्रेशनचं नाव शोधण्यात दंग होती. स्पेस धरून वीसच अक्षरं चालतात, म्हणून वहीत इंग्रजी अक्षरांचे चौकोन काढून नावं बसवत होती. त्या पोरीला मी काय सांगायचं होतं?

आणि मग तो व्हिडिओ. ट्रेनिंगचा दुसरा महिना होता. तांबूस घोडी, तो वर बसलेला, राउंड पेनमध्ये (गोल कुंपणात) संथ दौड. बघून घरात सगळे खूश. लेक मात्र म्हणाली, ‘बाबा, हिचा पांढरा मोजा डाव्या पायाला कसा?’ आमच्या घोडीचा मोजा, म्हणजे पायाचा खालचा पांढरा भाग, मागच्या उजव्या पायाला आहे, कॉगिन्सच्या रिपोर्टवर तसंच लिहिलंय, फोटोही आहे. मी लगेच त्याला विचारलं. विचारलं नाही असं नाही! त्याचं उत्तर तयार होतं: फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात आरशासारखं उलटं दिसतं. काही फोनमध्ये तसं होतंही, कुणालाही पटेल. पण त्याच व्हिडिओत मागे कुंपणाला खुराकाच्या पिशव्या रचलेल्या होत्या आणि त्यांच्यावरची अक्षरं सुलटी वाचता येत होती. चित्र उलटं असतं तर अक्षरंही उलटी दिसली असती. तो व्हिडिओ मी अजून पुसलेला नाही. घोडी पाहायची सोडून पिशव्या कोण वाचत बसतं? पण तुम्ही वाचा. व्हिडिओ मागायचाच तर आधी न सांगता व्हिडिओ कॉल करा आणि कपाळ, चारी पाय, दोन्ही बाजू दाखवायला लावा.

जुलैत घोडी आणायला गेलो तर म्हणे 640 बाकी आहेत, जुलैचे 300 आणि नालबंदाचे 340. त्याशिवाय सोडणार नाही. टेक्सासच्या कायद्यानं तबेल्याच्या मालकाला थकबाकीपोटी जनावर अडवून ठेवता येतं, हे तिथे उभं असताना कळलं. भरले. नालबंदाचे पैसे घेतलेल्या त्या घोडीचे खूर पुढे फाटून वर वळलेले होते.

नव्या तबेल्यात डॉक्टरनं तिचा ओठ वर करून दाखवला. वुल्फ टीथ जागच्या जागी. लगाम लावायच्या आधी हे छोटे दात सहसा काढून टाकतात. खोगिराचा तंग (पोटाखालचा पट्टा) आवळायला घेतला तशी ती मागच्या पायांवर उभीच राहिली. नवा ट्रेनर म्हणाला, हिच्या पाठीवर कधी खोगीर गेलेलं दिसत नाही. मग विकणाऱ्यानं बाप म्हणून सांगितलेल्या नराच्या मालकाला मी शोधून फोन केला. तो सभ्यपणे बोलला: त्या वर्षीच्या माझ्या यादीत हिची आईच नाही, मी सही कशी देऊ? आईचा मालक मेहुणा नव्हताच, एक बाई होत्या. त्यांनी ती घोडी त्याच्याकडे फक्त चरायला सोडली होती.

काउंटीच्या शेरीफ ऑफिसमध्ये गेलो. तिथल्या डेप्युटीनं फाइल उघडलीसुद्धा नाही. ‘घोडी तुमच्याकडे आहे ना? मग चोरी कसली? सिव्हिल मॅटर आहे.’ मी म्हटलं, दुसऱ्या घोड्याचा व्हिडिओ दाखवून पैसे घेतले, याला काय म्हणायचं? ‘सिव्हिल मॅटर.’ बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे व्यवहार अधिकृत. ग्राहक तक्रारीचा सरकारी फॉर्म भरला, व्हिडिओ जोडला, सगळ्या पावत्या जोडल्या. उत्तर काय, तर आम्ही वैयक्तिक वाद सोडवत नाही. सगळे नम्र, सगळे ‘हॅव अ गुड डे’ म्हणणारे, आणि एकानंही त्या माणसाला साधा फोन केला नाही! कर भरतो आपण, कागद नीट ठेवतो आपण, आणि चोराला विचारायला कुणाला वेळ नाही.

जस्टिस कोर्टात 20,000 डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय करता येतो. केला. तो आलाच नाही, निकाल माझ्या बाजूनं लागला. पण वसुली ज्याची त्यानं करायची. टेक्सासमध्ये अशा देण्यासाठी पगार जप्त होत नाही, राहतं घर सुरक्षित, आणि कायद्यानं जप्तीतून सूट मिळणाऱ्या वस्तूंच्या यादीत चक्क दोन घोडे आहेत, खोगीर आणि लगामासकट. माझ्या हातात निकाल आहे, त्याच्या दारात घोडे.

घोडी घ्यायचीच असेल तर आईच्या सर्टिफिकेटवरच्या मालकाला स्वतः फोन करा, विकणाऱ्यानं दिलेल्या नंबरवर नाही. विकणारा, वाढवणारा आणि शिकवणारा एकच माणूस नको. जेनेटिक पॅनल टेस्टचा (आनुवंशिक आजारांची तपासणी) रिझल्ट मागा. त्यासाठी केसांचा नमुना पाठवायला पैसे लागतात, जो खर्च करायला कुरकुरतो त्याच्याकडे थांबू नका.

निकालाचा अ‍ॅब्स्ट्रॅक्ट (गोषवारा) मी काउंटी क्लर्ककडे नोंदवून ठेवलाय. त्यानं राहत्या घराशिवाय त्या काउंटीतली दुसरी जमीन विकली तर माझा बोजा त्यावर दिसेल. या वसंतात त्याची नवी जाहिरात आलीये: तांबूस शिंगरू, 6,500, पेपर्स पेंडिंग, रेझिंग (वाढवणं) आणि ट्रेनिंगसकट. डेंटन किंवा कॉलिन काउंटीत कुणी अशा शब्दांतली जाहिरात पाहून निघालं असेल तर पैसे पाठवण्याआधी मला कळवा. कोर्टाचा निकाल आणि तो व्हिडिओ, दोन्ही दाखवतो.