फुकट वायफाय आठ महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव (स्टेशन, मॉल, कॅफे)

गेले आठ महिने मी आणि माझा धाकटा भाऊ बाहेरचं फुकट वायफाय रोज वापरतोय, जास्त करून कल्याण स्टेशनचं, शिवाय एका मॉलचं आणि अधूनमधून कॅफेचं. कारण साधं आहे, रिचार्जमध्ये रोजचा दीड जीबी मिळतो आणि भाऊ एमपीएससी करतोय, त्याची लेक्चर्स सुरू झाली की दुपारपर्यंत डेटा खलास.

आधी स्टेशनचं सांगते. रेल्वेचं हे वायफाय जानेवारी 2016 ला मुंबई सेंट्रलपासून सुरू झालं, तेव्हा रेलटेलबरोबर (रेल्वेची इंटरनेट कंपनी) गूगल होतं, 2020 ला गूगलने हात काढून घेतला पण रेलटेलने चालू ठेवलं. नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, दिवसाचा पहिला अर्धा तास फुकट, स्पीड 1 एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला 1 मेगाबिट, आणि आठ मेगाबिटचा एक एमबी. हिशोब केला तर अर्ध्या तासात फार तर सव्वादोनशे एमबी होतात, म्हणजे कमी क्वालिटीचं एक लेक्चर आणि दोन-तीन पीडीएफ. भाऊ लोकलच्या अर्धा तास आधी घरातून निघतो तो ह्यासाठीच. 2018 मध्ये एर्नाकुलम स्टेशनवरच्या एका हमालाने स्टेशनच्या वायफायवर लेक्चर ऐकत ऐकत केरळ लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा पास केली होती, ती बातमी भावाने अजून सेव्ह करून ठेवलीये. म्हणून "फुकट वायफायला हातच लावू नका" असं जे सरसकट सांगतात ते मला पटत नाही, ज्याचा डेटा संपत नाही त्याला हे सांगायला सोपं आहे.

आता ओटीपी का मागतात ते. 2008 ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या वेळी जो धमकीचा ईमेल आला होता तो आपल्या नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्याच्या पुढच्याच वर्षी सरकारने वायफाय वापरणाऱ्याची ओळख पटवायचे नियम आणले. त्यामुळे नंबर मागितला तर माझी तक्रार नाही, कारण समजतं.

पण त्या मॉलमध्ये नंबर झाला, मग नाव, ईमेल, जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि खाली आधीच टिक करून ठेवलेली एक चौकट. मी घाईत होते, ऑफिसची फाइल पाठवायची होती, सगळं भरलं आणि नावात एक अक्षर चुकलं. तिसऱ्या दिवसापासून लोनचे मेसेज, मग प्लॉटचे, मग वाढदिवसाची ऑफर, आणि नाव सगळीकडे त्याच चुकीच्या स्पेलिंगने. ते स्पेलिंग मी आयुष्यात दुसरीकडे कुठेच टाकलेलं नाही. मॉलला मेल केला तर एका ओळीचं उत्तर आलं की आम्ही माहिती कुणाला देत नाही. मला ह्याचा खरंच राग आला आणि अजूनही आहे, वायफाय जोडायला माझी जन्मतारीख कशाला लागते? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात तर लिहिलंय की संमती फक्त त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती, त्यात उदाहरणच आहे की डॉक्टरच्या सल्ल्याचं ॲप तुमची कॉन्टॅक्ट लिस्ट मागत असेल तर ती संमती धरायचीच नाही. नियम मात्र नोव्हेंबर 2025 ला आले आणि बऱ्याचशा तरतुदी लागू व्हायला दीड वर्षाची मुदत आहे, तोपर्यंत आपणच सांभाळायचं.

लोक हॅकिंगला घाबरतात, तेही बघून घेतलं. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे फोन आणि साइट यांच्यातली माहिती कुलूपबंद जाते, त्यामुळे पासवर्ड सहसा मधल्यामध्ये कुणाला वाचता येत नाही, पण तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते वायफाय चालवणाऱ्याला बऱ्याचदा दिसतं, आत काय वाचलं ते नाही. अँड्रॉइड 9 पासून सेटिंगमध्ये प्रायव्हेट डीएनएस आहे (फोन साइटचा पत्ता विचारतो ते लपवून विचारायची सोय), ते चालू केलं की तेही थोडं कमी होतं. बँक आणि यूपीआय मी तरी मोबाइल डेटावरच करते. खरी भीती नकली नेटवर्कची वाटते, एकदा प्लॅटफॉर्मवर भावाला जवळजवळ सारख्याच नावाची दोन नेटवर्क दिसली, एकाने ओटीपी न मागता थेट ईमेलचा पासवर्ड मागितला, त्याने मला फोन लावला आणि मी म्हटलं आधी वायफाय बंद कर, बाकीचं घरी बोलू.

त्या रात्री जेवण झाल्यावर त्याचा फोन घेऊन बसले तर बारा नेटवर्क सेव्ह होती, सगळीकडे ऑटो कनेक्ट चालू, त्यात दोन दुकानं अशी की तो तिथे एकदाच गेला होता. एकेक करून सगळी फरगेट केली, स्टेशनचं तेवढं ठेवलं, त्याचंही ऑटो कनेक्ट बंद करून.