शिकारीच्या ट्रिपचं ‘किट’ : पैसे कुठे जातात आणि पुढे काय होतं

जुळे सोलापुरातल्या दोन मित्रांना दिवाळीनंतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक यादी आली. मथळा होता, ‘पहिल्यांदा शिकारीला येणाऱ्या मालकांसाठी सामान’. नव्वद हजार ल्युमेनची टॉर्च, ६०×६० दुर्बीण, मिलिटरी प्रिंटचे कपडे, उणे दहा अंशांची स्लीपिंग बॅग, अकरा इंची सुरा, हेडलॅम्प, गमबूट, दहा मीटर क्लच वायर. खाली टीप : ‘बाहेरचं सामान चालणार नाही, किट आमच्याकडूनच.’ किटचे १४,५०० रुपये, टोकन ५,००० आणि ‘परवाना फी’ ३,०००, माणशी. राज्याच्या सीमेपलीकडच्या एका शेतावर दोन रात्री, रानडुकराची कायदेशीर शिकार, जेवणखाण त्यातच. दोघांचे मिळून ४५,००० त्याच रात्री गेले. पुढे आणखी गेले, ते खाली येईलच.

दोघंही व्यवहाराला कच्चे नाहीत. एकाचं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, रोज उधारी-वसुली करतो. पण यादी एवढी बारकाईची होती की परवाना खरा का खोटा हे विचारायचं राहून गेलं आणि माणूस बुटाचा नंबर कळवायला लागला. सामानाची बोलणी सुरू झाली की ट्रिप ठरल्यातच जमा होते. फसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

कायद्याचं आधी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला बंदी आहे. हौस म्हणून, पैसे भरून, पॅकेज घेऊन शिकार करायची सोय भारतात कुठेच नाही. महाराष्ट्रात नाही, कर्नाटकात नाही, तेलंगणातही नाही. कायद्यातली शिकारीची व्याख्याही गोळी झाडण्यापुरती नाही. फासा लावणं, सापळा लावणं, हाका घालून जनावर हुसकावणं, आमिष ठेवणं आणि यातलं काहीही करण्याचा प्रयत्न, हे सगळं शिकारच. ससा आणि तितरसुद्धा संरक्षित आहेत. काळवीट कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, तिथे कमीत कमी तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. ‘डुकराला गेलो होतो, हरीण मध्ये आलं’ हे तिथे कुणी ऐकून घेत नाही.

आता त्यांना दाखवलेला कागद. तो शासन निर्णयाचा फोटो होता आणि गंमत म्हणजे खरा होता. पिकाची नासाडी करणाऱ्या रानडुकरांना मारायची परवानगी मिळू शकते, एवढं खरंच आहे. कलम ११ मध्ये ती सोय आहे. पण शासन निर्णय म्हणजे परवानगी कुणी आणि कशी द्यायची याची पद्धत. तुमच्या नावाची परवानगी तो नव्हे. खरी परवानगी लेखी आदेशाच्या रूपात असते. तिच्यात कारण लिहिलेलं असतं, क्षेत्र नेमून दिलेलं असतं आणि ती प्राधिकृत वन अधिकाऱ्याच्या सहीने निघते. ज्याच्या पिकाचं नुकसान झालं त्याच्या अर्जावरून हे सुरू होतं. सोलापूरच्या दुकानदाराला तीन हजार फी भरून ती मिळत नाही. मारलेलं डुक्करही सरकारजमा असतं, म्हणजे ‘मटण वाटून घेऊ, सुळा तुम्ही ठेवा’ असं कुणी म्हणालं की समोरचा काय आहे ते तिथेच कळलं पाहिजे.

बंदुकीचंही तसंच. ‘बंदूक आमच्या शूटरची, लायसन्स त्याचं, दोन बार तुम्ही टाका’ असं सांगतात. शस्त्र परवाना ज्याच्या नावावर आहे त्याच्यापुरता असतो. दुसऱ्याची बंदूक हातात घेऊन बार काढला की शस्त्र कायद्याचा वेगळा गुन्हा लागतो, वन्यजीव कायद्याचा तर असतोच.

किट आठवड्याने कुरिअरने आलं. यातली एकेक वस्तू बघण्यासारखी आहे, कारण अशाच वस्तू ट्रेकिंगच्या नावाखालीही खपवतात.

टॉर्चपासून सुरू करू. ल्युमेन म्हणजे प्रकाशाचं माप; नव्वद हजार हा आकडा पाटीपुरता असतो. चांगला एलईडी एका वॉटला शंभर ते दीडशे ल्युमेन देतो. म्हणजे नव्वद हजारांसाठी सहाशे ते नऊशे वॉट लागतील. टॉर्चमध्ये होता एकच १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, चार्ज होणारा); चांगल्यातला चांगला घेतला तरी त्यात बारा-तेरा वॉट-तास वीज मावते. हिशेब केला तर टॉर्च मिनिटभरात विझायला हवी, आणि एवढी वीज एका दमात तो सेल देऊच शकत नाही. सेलवर ९,९०० एमएएच (सेलची क्षमता मोजायचं एकक) छापलेलं होतं. या मापाच्या सेलची क्षमता साडेतीन हजारांच्या आसपास संपते, त्यामुळे त्याहून बराच वरचा आकडा दिसला की सेल बनावट समजायचा. घरच्या घरी तपासायचं तर सोनाराचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या. खरा १८६५० सेल ४५ ते ५० ग्रॅम भरतो. फारच हलका भरला तर आवरणाच्या आत बारका सेल आहे आणि बाकी भरताड. असल्या सेलला जादा भार सोसत नाही. तो चार्जिंगला लावून झोपू नका.

दुर्बिणीवर ६०×६० असं सोनेरी अक्षरात. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. पट्टी लावली तर भिंग ३५ मिलिमीटरचं निघालं. मोठेपणाही थापच. साठपट खरंच असतं तर हातात धरून काही दिसलंच नसतं, नाडीच्या ठोक्यानेही चित्र हललं असतं. शिवाय दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी मिळते : ६०×६० ला एक मिलिमीटर, ८×४२ ला सव्वापाच. अंधारात आपली बाहुली पाच-सात मिलिमीटर उघडते, म्हणून ८×४२ किंवा १०×५० संध्याकाळी कामाला येते आणि हे खेळणं येत नाही. भिंगावर लालभडक लेप दिसला तर ती घेऊ नका. दुकानात बघताना लांबच्या विजेच्या तारेवर रोखा. तार दुहेरी दिसली किंवा दोन मिनिटांत कपाळ दुखायला लागलं, तर दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत. ते घरी दुरुस्त होत नाही.

स्लीपिंग बॅगबद्दल काय बोलावं! सोलापूरच्या माणसाला चादर सोडायला लावून उणे दहाची पिशवी विकली. अशा बॅगेवर तीन तापमानं असायला हवीत : आरामाचं, सहन होईल असं शेवटचं आणि जीव वाचेल इतपत असलेलं. विकणारे तिसरं मोठ्या अक्षरात छापतात. आरामाचा आकडा दिलेला नसेल तर बाकी आकड्यांना अर्थ नाही. आपल्याकडच्या माळावर थंडीत एक सतरंजी आणि दोन चांगल्या चादरी पुरतात.

यापुढच्या तीन वस्तू नुसत्या भिकार नाहीत, घातक आहेत. अकरा इंची सुरा : नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र कायद्याच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीच्या अवजारांना सूट आहे, पण मिलिटरी म्यानातल्या सुऱ्याला विळी कोण म्हणणार? मिलिटरी प्रिंटचे कपडे : लष्कराने २०२२ मध्ये आणलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची नोंदणी झालेली आहे, आणि सैनिक भासावा म्हणून तसा पोशाख घालणं हा गुन्हा आहे. नाक्यावर अडवलं तर पहिला प्रश्न कपड्यांवरूनच येतो. आणि क्लच वायर. जंगलात तिचा उपयोग एकच, फासा. त्या यादीत ती विनाकारण नव्हती. रात्री शेताच्या बांधावर तुमच्या बॅगेत फाशाची तार, सुरा आणि टॉर्च सापडली की ‘शिकारीचा प्रयत्न’ म्हणायला दुसरा पुरावा शोधावा लागत नाही. पैसे देऊन आपणच आपला मुद्देमाल विकत घेतलेला असतो.

परवान्यासाठी म्हणून आधारची दोन्ही बाजूंची फोटोकॉपी मागितली होती. दोघं तिथे पोचल्या पोचल्या शूटरने बंदूक हातात देऊन फोटो काढला, ‘आठवण असू द्या मालक’ म्हणून.

रात्री साडेअकराला शेताकडे निघाले. बांधापर्यंत गेले, तोच जीपचे दिवे आणि खाकीतले तिघे. ‘वन विभाग.’ बॅगा उघडल्या, वायर आणि सुरा बाहेर काढला, मोबाइल काढून घेतले. शूटर अंधारात गायब. पाऊण तास दम देऊन झाल्यावर एक जण बाजूला घेऊन म्हणाला, दोघांचे दीड लाख द्या, इथेच मिटवू. ऐंशी हजारांवर तुटलं. पन्नास एका बाईच्या नावच्या यूपीआयवर, तीस दुसऱ्या दिवशी रोख. दोन आठवड्यांनी बंदुकीसोबतचा फोटो आला आणि आणखी चाळीस मागितले.

खरी धाड अशी नसते. वनकर्मचारी ओळखपत्र दाखवतात, पंच बोलावून पंचनामा होतो, वाहन आणि सामान जप्त करून यादी केली जाते, माणसाला परिक्षेत्र कार्यालयात नेतात आणि अटक केली तर चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करतात. तडजोडीची तरतूद काही गुन्ह्यांपुरती आहे, पण त्यासाठी शासनाने तसा अधिकार दिलेला अधिकारी लागतो आणि रकमेची नोंद होते. बांधावर, खासगी यूपीआयवर तडजोड होत नाही. कुणी अडवलं आणि शंका आली तर ‘मला कार्यालयात न्या’ एवढंच म्हणत राहायचं. तोतया तिथे नेऊ शकत नाही. महाराष्ट्राच्या हद्दीत असाल तर वन विभागाचा १९२६ आणि कुठेही असलात तरी ११२.

या धंद्याला धार येते ती एका गोष्टीमुळे : फसलेल्याला वाटतं, तक्रार केली तर आपणच आत जाऊ. भीती अगदीच खोटी नाही, म्हणून दोन स्थिती वेगळ्या ठेवाव्या लागतात. टोकन आणि किटचे पैसे भरून घरीच बसलेला असाल, तर बेधडक सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन करा. पैसे गेल्यापासून पहिले काही तास मोलाचे असतात, कारण रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवता येते. व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर क्रमांक, वेळ आणि समोरच्याचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. बांधापर्यंत जाऊन आला असाल तर आधी फौजदारी वकील गाठा, त्याला फोटोसकट सगळं सांगा आणि त्याच्यासोबत तक्रारीला जा. वकिलापासून लपवलेली गोष्टच पुढे नडते. फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये, खंडणी ३०८ मध्ये आणि सरकारी नोकराची तोतयेगिरी २०४ मध्ये येते. ‘घटना आमच्या हद्दीतली नाही’ म्हणून परत पाठवलं तर शून्य क्रमांकाने, म्हणजे हद्द कुठलीही असली तरी, गुन्हा नोंदवायला सांगा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये तशी तरतूद आहे. फोटोवरून पुन्हा पैसे मागितले तर देऊ नका. एकदा दिले की पुढच्या महिन्यात आकडा वाढतो.

‘तुमचे पैसे रिफंड करतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ असा फोनही येतो. पैसे यायला पिन लागत नाही.

रात्री माळावर बसायची, जनावर बघायची हौस असेल तर ती दुसरीकडे भागते. बार्शी रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर नान्नजचं माळढोक अभयारण्य आहे. माळढोक दिसणं आता नशिबाचा भाग, पण काळविटांचे कळप, खोकड आणि नशीब बरं असेल तर लांडगा दिसतो. वन विभागाच्या परवानगीने, सकाळी लवकर जा. तिथली यादी छोटी आहे : ८×४२ दुर्बीण, मातकट रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, आधी पंधरा दिवस वापरून मऊ झालेले घोट्यापर्यंतचे बूट, माणशी किमान तीन लिटर पाणी, क्षारसंजीवनीच्या (ओआरएस) पुड्या. पॅन्ट गुळगुळीत कापडाची घ्या आणि मोजे बुटाबाहेर दुमडू नका. पावसाळ्यानंतर त्या माळावरच्या गवताची कुसळं लोकरी मोज्यात शिरतात आणि दिवसभर टोचत राहतात.

आणि किट घेऊन बसला असाल तर खोकं फेकू नका. कुरिअरची चिठ्ठी, पाठवणाऱ्याचा पिनकोड आणि ट्रॅकिंग क्रमांक खोक्यावरच असतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचा नंबर बंद झाल्यावर पोलिसांकडे द्यायला तेवढंच उरतं. चॅट डिलीट करू नका, एक्स्पोर्ट करून स्वतःला ईमेल करा. क्लच वायर आणि सुरा कुणाला वाटून टाकू नका. वकील सांगेल तेव्हा, तो सांगेल तसा पोलिसांपुढे ठेवा.