हुरड्यासाठी शॉर्टब्रेड: पेठेतल्या एका भट्टीविषयी

घरचे पीठ, तूप आणि साखर बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणण्याची पद्धत सोलापुरात अजून टिकून आहे, आणि जुन्या पेठेतील ज्या लहानशा बेकरीविषयी हे लिहीत आहे तेथे ही सोय केवळ दिवाळीपुरती नसून एरवीही मिळते. जानेवारीत शेतावर हुरड्याला जमणाऱ्या मंडळींसाठी आम्ही तेथून रोझमेरी हा सुगंधी विलायती पाला घातलेले साधे शॉर्टब्रेड भाजून घेतले. ते उत्तम झाले. मात्र त्याचे श्रेय भट्टीला आहे, काउंटरवरच्या कारभाराला नाही.

शॉर्टब्रेड हा मूळचा स्कॉटलंडचा, तिकडे नाताळ आणि नववर्षाला हमखास केला जाणारा बिस्किटासारखा पदार्थ. एक भाग साखर, दोन भाग बटर आणि तीन भाग मैदा एवढाच त्याचा हिशेब असून सोडा किंवा बेकिंग पावडर त्यात पडत नाही. खुसखुशीतपणासाठी तिकडे थोड्या मैद्याऐवजी तांदळाचे पीठ किंवा रवा घालतात. आम्ही ६०० ग्रॅमपैकी १५० ग्रॅम ज्वारीचे पीठ घेतले. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसल्याने वडी दाताखाली सहज विरघळते, आणि मालदांडी ज्वारीच्या मुलुखात तांदळाच्या पिठामागे जाण्याचे काही कारणही नव्हते. बटर ४०० ग्रॅम, नेहमीचे खारे. त्यामुळे वेगळे मीठ लागले नाही. तूप मुद्दाम टाळले, कारण मग चव सरळ नानकटाईकडे झुकते.

किराणा दुकानात मिळणारी वाळलेली रोझमेरी सुईसारखी टोचते, म्हणून ती आधी खलबत्त्यात कुटून २०० ग्रॅम पिठीसाखरेत बोटांनी चोळून ठेवली. साखरेला वास नीट लागतो. दोन चहाचे चमचे पुरे होतात, त्याहून अधिक घातल्यास औषधाचा भास होऊ लागतो. मळताना पाणी अजिबात घालायचे नाही आणि गोळा एकत्र येताच हात थांबवायचा. सोलापुरात जानेवारीतही दुपारचा पारा तिशीच्या घरात असतो, त्यामुळे थापलेले पीठ फ्रीजमध्ये घट्ट करून, थंड असतानाच बेकरीत पोहोचवणे आवश्यक आहे.

आता भट्टीविषयी. ती लाकडावर चालते. सकाळी कडक आचेवर पाव निघतात आणि दुपारपर्यंत विटांत मंद, सगळीकडून सारखी लागणारी उष्णता उरते. शॉर्टब्रेडला साधारण १५० ते १६० अंशांची हीच धिमी आच मानवते. घरच्या लहान ओव्हनमध्ये कडा लाल होतात आणि मधला भाग कच्चट राहतो, तसे येथे झाले नाही: बोटाच्या पेराहून कमी जाडीची थापी आरपार शिजून बाहेर आली, रंग मात्र ओल्या वाळूइतका फिकट राहिला. भट्टीवरच्या वयस्कर कारागिरांनी न सांगता तिला काट्याने टोचे मारले, जेणेकरून वाफ निघून जाईल आणि फुगे येणार नाहीत. पत्रा बाहेर येताच, गरम असतानाच, त्यांनी सुरीने वड्याही पाडल्या. थंड झाल्यावर सुरी लावली असती तर निम्मा चुरा हाती आला असता.

काउंटरची गोष्ट निराळी. पीठ ताब्यात घेणाऱ्या मुलाने "सोडा टाकू का, काका? फुलतंय चांगलं," असे विचारले आणि नकार दोनदा द्यावा लागला. त्याहून मोठी तक्रार अशी की वड्या निवण्याआधीच प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या जातात. आतल्या वाफेने त्या मऊ पडतात आणि भट्टीने केलेले काम वाया जाते. आम्ही वेळीच आमचा पत्र्याचा डबा पुढे केला व झाकण उघडे ठेवले. भाजण्याची मजुरी किलोवर आकारतात, ती वाजवी वाटली.

आगटीवरचा हुरडा, शेंगाचटणी आणि दही यांच्यानंतर या वड्या चहाबरोबर फिरल्या. ज्येष्ठांना रोझमेरीचा वास अनोळखी वाटला, पण खारट-गोड चवीमुळे डबा परत आला तो रिकामाच. याच मापात रोझमेरीऐवजी अर्धा चमचा भरडलेला ओवा घातला तर त्यांनाही परका वाटणार नाही, असे वाटते.

संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत बेकरीला स्वतःच्याच मालाची घाई असते आणि घरगुती पीठ घेतले जाईलच असे नाही. त्या दिवसांत आदल्या दिवशी विचारून, पाव निघून गेल्यानंतरचीच वेळ मागून घ्यावी.