काटेरी युफोर्बिया: चौदा महिने कुंडीत ठेवल्यावर

युफोर्बिया मिली या काटेरी फुलझाडाच्या दोन कुंड्या शेजारी-शेजारी ठेवून चौदा महिने झाले. एक बारीक लाल फुलांची जुनी जात, दुसरी मोठ्या फुलांची थाई संकरित. 'पाणी विसरलं तरी चालतं' अशी या झाडाची ख्याती. जुन्या जातीबाबत ती खरी निघाली, संकरिताबाबत अर्धीच. माती कोरडी राहिली की त्याची पानं आधी झडतात आणि जास्त ओल झाली की मुळंही त्याचीच आधी कुजतात.

सगळ्यात जास्त फसवतात ती पानं. पाणी कमी पडलं तरी पिवळी, जास्त झालं तरी पिवळी, पारा १० अंशांच्या खाली घसरला तरी पिवळीच. झाड मूळचं मादागास्करचं, थंडी त्याला मानवत नाही. म्हणून पान बघून पाणी घालू नका. मातीलगतचं खोड काट्यांच्या मधून पेन्सिलीच्या बोथट टोकाने दाबून बघा. टणक, किंचित सुरकुतलेलं असेल तर तहान आहे. मऊ आणि काळपट लागलं तर सड सुरू झालीय, आणि तेव्हा घातलेलं पाणी म्हणजे झाड गेलंच. अशा वेळी वरचा निरोगी भाग कापून वाचवायचा. कापलेल्या जागी पांढरा चीक झरझर आला आणि आतला गाभा स्वच्छ दिसला की थांबा. चीक येत नसेल, आत तपकिरी वर्तुळ दिसत असेल, तर आणखी दोन-तीन सेंटीमीटर वर कापा.

मिश्रण: दोन भाग माती, दोन भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके पांढरे खनिज दाणे), एक भाग चाळलेलं गांडूळखत. बारीक वाळू नको, ती मातीत बसून निचरा उलट बंद करते. कुंडी मातीची आणि मुळांच्या गड्ड्यापेक्षा बोटभरच मोठी. प्रशस्त कुंडीत ओल आठवडाभर रेंगाळते. बांबूची काडी सात-आठ सेंटीमीटर खोल खुपसायची, कोरडी निघाली तरच तळातून वाहेपर्यंत पाणी, आणि बशीतलं पाणी लगेच ओतून टाकायचं.

ऊन मात्र भरपूर हवं, रोज पाच-सहा तास थेट. खिडकीच्या आत दोन तासांच्या उन्हात पानं हिरवीगार झाली, फूल एकही नाही. नायट्रोजन जास्त असलेल्या खतानेही हेच होतं. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा, अर्ध्या मात्रेत, पोटॅश जास्त असलेलं खत पुरतं. सावलीतून एकदम कडक उन्हात काढलं तर पानं करपतात. दहा-बारा दिवसांत हळूहळू सवय लावा. पाकळ्या दिसतात ती खरं तर सहपत्रं, म्हणजे फुलाखालची रंगीत पानं, फूल म्हणजे मधला इवलासा ठिपका. म्हणूनच एकेक गुच्छ कितीतरी आठवडे टिकतो.

एक तक्रार आहेच. पान झडलेल्या जुन्या खोडावर पुन्हा पान येत नाही, नवी पानं शेंड्यालाच. वर्षभरात खाली नुसत्या काट्यांची काठी उरते. उपाय छाटणीचा, कापाच्या खालून फाटे फुटतात. छाटताना पातळ रबरी हातमोजे बिनकामाचे, काटे आरपार जातात. वर्तमानपत्राची जाड घडी करून फांदी धरावी, डोळ्यांवर चष्मा असावा. चीक कातडीला झोंबतो. लागला तर साबणाने धुवा. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं पाण्याने धुऊन थेट डॉक्टर गाठा. मुलं किंवा मांजर हाताळेल अशा जागी ही कुंडी ठेवूच नये.

कीड म्हणाल तर पिठ्या ढेकूण, तोही काट्यांच्या बुडाशी लपलेला. जुन्या टूथब्रशने खरवडून साबणाचं पाणी मारलं की आटोक्यात येतो, पण आठ दिवसांनी पुन्हा बघावं लागतं.

छाटलेले तुकडे फेकू नका. आठ-दहा सेंटीमीटरचा शेंडा घ्या, कापलेलं टोक पाण्यात बुडवून चीक थांबवा, तीन-चार दिवस सावलीत सुकवा आणि जेमतेम ओल्या वाळूत रोवा. ओला तुकडा तसाच लावला तर बुडापासून कुजतो. मुळं धरायला चार-सहा आठवडे लागतात. मुळं बघायला उपटू नका. शेंड्याला नवं पान फुटून ते मोठं होत राहिलं की समजावं.