हिरव्या झुरळांची पिल्लं म्हणून मला जे विकलं गेलं

झुरळं पाळायची शोभेची मोठी काचेची टाकी भरायच्या तयारीत असलेल्यांनी पिल्लं मागवण्याआधी हे वाचावं, म्हणून लिहितेय. माझं जवळपास वर्ष यात गेलं आणि जमलेली टाकी स्वतःच्या हाताने मोडावी लागली.

टाकी चार फूट लांब आणि तेवढीच उंच. एवढ्या जागेत झुरळं नुसती असून भागत नाही, ती दिसली पाहिजेत. म्हणून थराथराने जाती ठरवल्या. उभ्या सालींवर ब्लाबेरस जायगँटियस ही मोठाली पंखवाली झुरळं, कारण कात टाकताना त्यांना लटकायला उभा आधार लागतो. खाली मादागास्करची फुत्कारणारी झुरळं. ती काचेवर सरसर चढतात, तेवढं झाकण पक्कं हवं. वरच्या पानांसाठी मात्र मला पँक्लोरा निव्हियाच हवी होती. कोवळ्या पानाच्या रंगाचं, इवलंसं, पंख पसरून उडणारं झुरळ. ज्याने एकदा पाहिलंय त्याला माझा हट्ट कळेल.

एका विक्रेत्याने पन्नास पिल्लं देऊ केली. फोटो पाठवले ते सगळे मोठ्या, हिरव्यागार झुरळांचे. पिल्लांचा फोटो मागितला तर म्हणाला, "ती मातीत असतात हो, दिसत नाहीत." हे खरंच आहे, आणि गोम तिथेच आहे. पँक्लोराची पिल्लं तपकिरी असतात, मातीत राहतात, वरवर पाहून ओळखू येत नाहीत. मी आधी पैसे भरले आणि डबा आला तसा सरळ टाकीत रिकामा केला. ही चूक माझी.

चार महिने गेले. खाणं फस्त होत होतं, माती वळवळत होती, हिरवं काहीच दिसेना. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "धीर धरा, शेवटची कात टाकली की रंग येतो."

मग एका रात्री टॉर्च मारला तर सालीखाली एक पांढरंशुभ्र झुरळ. नुकतीच कात टाकलेलं, पंख अजून ओले, मऊ. कुठलंही झुरळ कात टाकल्यावर असंच पांढरं असतं आणि काही तासांत खरा रंग धरतं. मी खुर्ची ओढून बसले. पहाटेपर्यंत पंख चकचकीत तपकिरी झाले, डोक्यामागची ढाल काळी पडली आणि तिच्या पुढच्या कडेला फिकट रेघ उमटली. हिरव्याचा मागमूस नाही.

ते पिक्नोसेलस सुरिनामेन्सिस होतं, सुरिनाम झुरळ. हरितगृहांत आणि कुंड्यांत उपद्रव करणारं. याला नर लागतच नाही. एकटी मादी पिल्लं घालते, त्या सगळ्या माद्याच, आणि त्याही पुढे तेच करतात. पुढच्या आठवड्यांत मोठी झालेली एकूण एक झुरळं मी उलटी करून पाहिली. एकही नर नव्हता.

फोटो पाठवल्यावर विक्रेता म्हणाला, "तुमच्या मातीतच आधी असतील." ती माती मी टाकीत घालण्याआधी भट्टीत तापवली होती. त्याच्याचकडून पिल्लं घेतलेल्या आणखी दोघांच्या टाक्यांतही हेच निघालं. हे सांगितल्यावर त्याने मला ब्लॉक केलं.

नुकसान पैशापुरतं राहिलं नाही. ब्लाबेरसची पिल्लंही मातीतच वाढतात, त्यांच्या तोंडचं खाणं ही सुरिनाम झुरळं पळवत होती. वाढ खुंटली, उपाशी झुरळांनी एकमेकांचे पंख कुरतडले. त्यात काही कळायच्या आत मी टाकीतली जुनी माती घरच्या कुंड्यांत घातली होती. तिथली रोपं मान टाकू लागली. उपटून पाहिली तर मुळं खाल्लेली.

म्हणून कळकळीने सांगते, पिल्लं घ्यायची तर जवळून काढलेला फोटो मागा, तुमचं नाव लिहिलेल्या चिठ्ठीवर ठेवलेल्या पिल्लाचा. सुरिनामचं पिल्लू पुढून चकचकीत असतं, पण पोटाची मागची बाजू निस्तेज आणि खरखरीत, माती चिकटल्यासारखी. एवढ्या खुणेवर पन्नासातलं एक जरी सापडलं तरी डबा परत करा, कारण या जातीला एकच पुरतं. जमलं तर मोठी, पंख आलेलीच घ्या. आणि काहीही आणलं तरी पहिलं झुरळ मोठं होऊन रंग दाखवेपर्यंत वेगळ्या डब्यात ठेवा. मला एवढे महिने फार वाटले असते, पण टाकी वाचली असती.

सगळी माती फ्रीजरमध्ये घालून मग फेकली. ब्लाबेरस एकेक करून ओल्या कापडावर तपासून नव्या टाकीत हलवले. फुत्कारणारी एका मित्राकडे आहेत, तीही तपासूनच दिली. आता दर रविवारी नवी माती चाळते. गेल्या रविवारी चाळणीत एक पिल्लू निघालं, पुढून चकचकीत, मागून खरखरीत.