लिंटेल, चिरा आणि कॉर्डलेस हॅमर ड्रिलच्या तीन पिढ्या: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

म्हापशात आमचे पडदे शिवून ते घरी बसवून देण्याचे छोटे दुकान आहे. शिवणकाम मी पाहते आणि बसवणीला मी व माझा धाकटा दीर असे दोघे जातो. २००९ पासून आजवर बॅटरीवर चालणाऱ्या हॅमर ड्रिलच्या तीन पिढ्या आमच्या हातून वापरून झाल्या आहेत. त्यांतले शेवटचे, ब्रशलेस मोटरचे १८ व्होल्टचे ड्रिल मार्च २०२४ मध्ये घेतले. पावसाळ्याचे महिने सोडले तर ते रोज वीस-पंचवीस भोके पाडते. नवे ड्रिल घेऊ पाहणाऱ्याला दुकानात व्होल्ट आणि टॉर्कचे (फिरवण्याच्या जोराचे) आकडे ऐकवले जातात, पण भोक कोणत्या भिंतीत पाडायचे आहे हे कोणी विचारत नाही. म्हणून भिंतीपासूनच सुरुवात करते.

पडदे बसवणाऱ्याला भिंत निवडता येत नाही. खिडकीच्या वर चार-सहा इंचांवर जिथे ब्रॅकेट यायला हवा, नेमके तिथे आरसीसीचे लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी तुळई असते. दांडी खिडकीच्या चौकटीबाहेर दोन्ही बाजूंना काढावी लागते, त्यामुळे मधला ब्रॅकेट लिंटेलवर आणि टोकाचे ब्रॅकेट बऱ्याचदा चिऱ्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या भिंतीवर येतात. गिलाव्याखाली काय आहे ते वरून दिसत नाही. चिरा मऊ, सच्छिद्र, मध्येच मातीचे कप्पे असलेला. लिंटेलमध्ये काळ्या दगडाची खडी आणि लोखंडी सळया. एकाच दांडीसाठी, दोन हातांच्या अंतरात, ड्रिलला अगदी उलट स्वभावाची दोन कामे करावी लागतात. शिवाय आम्ही जातो त्या नव्या बंगल्यांत आणि फ्लॅटमध्ये अनेकदा वीजजोडणीच आलेली नसते. आम्ही कॉर्डलेसकडे वळलो ते एवढ्याच कारणाने.

पहिले ड्रिल १४.४ व्होल्टचे, निकेल-कॅडमियम बॅटरीचे, एका कंत्राटदाराकडून जुनेच घेतलेले होते. ब्लॅक अँड डेकरने १९६१ साली पहिले कॉर्डलेस ड्रिल काढले ते याच जातीच्या सेलवर, आणि २००५ च्या सुमारास लिथियम-आयन आली तोवर बहुतेक यंत्रे अशाच सेलवर चालत होती. प्रत्येक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे आमच्या बॅटरीत बारा सेल एकामागे एक जोडलेले. त्या बॅटरीची क्षमता १.३ अँपिअर-अवर होती. व्होल्टने गुणले तर जेमतेम १९ वॅट-अवर ऊर्जा भरते. तेवढ्यात चिऱ्यातली दहा-बारा भोके होत, लिंटेलमधली तीनसुद्धा धड होत नसत. शनिवारी भरून ठेवलेली बॅटरी पुढच्या शनिवारी बरीच उतरलेली असे. बारांपैकी एक सेल कमकुवत झाला की तो आधी रिकामा होतो आणि उरलेले अकरा त्याच्यातून प्रवाह ढकलत राहून त्याला उलटा भरतात. आमची बॅटरी तशीच मेली. तरी त्या ड्रिलबद्दल मला आदर आहे, कारण त्याचा गिअर पाच वर्षांत कधी बिघडला नाही. कॅडमियम विषारी असल्याने युरोपीय संघाने २०१६ संपताना कॉर्डलेस अवजारांतून या बॅटऱ्या बाद केल्या. आपल्याकडे २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. कोणाकडे अशी जुनी बॅटरी असेल तर ती भंगारवाल्याला किंवा परसातल्या खड्ड्यात देऊ नये, ही विनंती.

२०१५ मध्ये १८ व्होल्टचे लिथियम-आयनचे, पण कार्बन ब्रशच्या (फिरत्या भागाला घासून वीज पोचवणाऱ्या तुकड्यांच्या) मोटरचे ड्रिल घेतले. लिथियमचा एक सेल ३.६ व्होल्टचा असतो, त्यामुळे पाच सेलांत १८ व्होल्ट होतात आणि वजन एकदम उतरते. शिडीवर उभे राहून डोक्याच्या वर हात धरणाऱ्याला या फरकाचे मोल सांगावे लागत नाही. बॅटरी १.५ अँपिअर-अवरची, म्हणजे २७ वॅट-अवर. अडीच वर्षांनी ब्रश झिजले, मोटरच्या जाळीतून निळसर ठिणग्या दिसू लागल्या आणि जळका वास आला. नवे ब्रश म्हापशातच मिळाले आणि अर्ध्या तासात बसवता आले.

या पिढीत माझे खरे नुकसान झाले ते पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर आमची बसवणी जवळजवळ थांबते, आणि २०१७ च्या जूनमध्ये मी दोन्ही बॅटऱ्या पार उतरलेल्या स्थितीत पेटीत ठेवून दिल्या. चतुर्थीच्या आधी पेटी उघडली तेव्हा एकीला चार्जर ओळखच देईना; लावली की लाल दिवा लुकलुकायचा. लिथियमचा सेल ठरावीक मर्यादेखाली उतरला की सुरक्षिततेसाठी चार्जर त्याला भरायला नकार देतो. सेवा केंद्रातून बॅटरी तीन आठवड्यांनी जशीच्या तशी परत आली, आणि तिच्याबरोबर नवी घेण्याचा सल्ला आला. ठेवताना बॅटरी अर्धी भरलेली असावी, ही एक ओळ मला विकत घेताना कोणी सांगितली असती तर तो खर्च टळला असता.

मधल्या काळात दिराने स्वतःसाठी ‘२१ व्होल्ट’ लिहिलेले एक स्वस्त ड्रिल आणले. पूर्ण भरलेला लिथियम सेल ४.२ व्होल्ट दाखवतो. पाच सेलांचे २१ होतात. म्हणजे त्या डब्यावरचे २१ आणि माझ्या ड्रिलवरचे १८ एकाच पाच सेलांच्या बॅटरीची दोन नावे आहेत. त्याहून मोठे आकडे छापलेली बॅटरी एकदा आमच्याकडे दुरुस्तीच्या निमित्ताने उघडली गेली, तिच्यातही पाचच सेल निघाले. स्क्रू घट्ट करायला दिराचे ड्रिल आजही चालते, पण त्याचा चक (बिट पकडणारा जबडा) सातव्या महिन्यापासून डगमगतो आणि सहा मिलिमीटरचा बिट, म्हणजे भोक पाडणारे पाते, भिंतीत सात-आठ मिलिमीटरचे भोक करतो. त्या भोकात गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) नुसती फिरत राहते.

आता तिसरी पिढी. ब्रशलेस मोटरमध्ये कार्बन ब्रश नसतात. फिरणाऱ्या भागात चुंबक असतात, गुंडाळ्या बाहेर स्थिर असतात, आणि कोणत्या क्षणी कोणत्या गुंडाळीत प्रवाह सोडायचा हे आतले सर्किट ठरवते. घर्षणात जाणारी ऊर्जा वाचते. बॅटरी ४ अँपिअर-अवरची, म्हणजे ७२ वॅट-अवर. पहिल्या ड्रिलच्या जवळजवळ चौपट. सकाळी दोन भरलेल्या बॅटऱ्या घेऊन निघाले की तीन बेडरूमच्या फ्लॅटचे काम दुसरी बॅटरी न काढता संपते. ट्रिगर इतका हलका प्रतिसाद देतो की सिरॅमिक टाइलवर बिट न घसरता हळूच खूण पाडता येते. चौदा महिन्यांत मोटरची एकही तक्रार नाही. दोन्ही बॅटऱ्या अजून पहिल्यासारख्याच टिकतात.

त्याची ताकद मात्र जपून हाताळावी लागते. टॉर्क ६० न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. गेल्या डिसेंबरमध्ये प्लायवूडच्या पेल्मेटमध्ये (दांडी झाकणाऱ्या पेटीत) मोटरच्या पडद्याची वायर काढण्यासाठी होल-सॉने, म्हणजे गोल करवतीने, भोक पाडताना तो अडकला आणि अख्खे ड्रिल माझ्या मनगटासकट फिरले. दोन आठवडे मला कात्री धरता आली नाही. बाजूची मूठ त्या दिवशी पेटीत होती, कारण कपाटाच्या कोपऱ्यात ती आडवी येते म्हणून मी काढली होती. स्क्रूच्या खुणेवर असताना आकड्यांच्या कड्याचा क्लच घसरून हात वाचवतो, पण ड्रिलच्या आणि हातोडीच्या खुणेवर तो क्लच कामच करत नाही. ज्या खुणेवर धोका जास्त आहे तिथेच हे संरक्षण नसते, हे वापरणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवे.

आणि तरीही, लिंटेलपाशी आल्यावर हे महागडे ड्रिल २०१५ च्या ड्रिलपेक्षा फारसे पुढे गेलेले नाही. याचे कारण मला बऱ्याच उशिरा कळले. हॅमर ड्रिलच्या चकामागे दातेरी कडांच्या दोन चकत्या समोरासमोर असतात. एक दांड्याबरोबर फिरते, दुसरी स्थिर असते, आणि आपण मागून दाबले की दाते एकमेकांवरून घसरत टकटक करतात. माझ्या ड्रिलच्या माहितीपत्रकात मिनिटाला १,८०० फेरे आणि २७,००० ठोके लिहिले आहेत, म्हणजे प्रत्येक फेरीला १५ ठोके. ठोके पुष्कळ, पण प्रत्येक ठोका दात्याच्या उंचीएवढाच, आणि त्यामागचा जोर आपल्या खांद्याचा. बॅटरी बदलली, मोटर बदलली; या दोन चकत्या तिन्ही पिढ्यांत त्याच राहिल्या.

लिंटेलमध्ये सहा मिलिमीटरचे, चाळीस मिलिमीटर खोल भोक खडी चुकली तर अर्ध्या मिनिटात होते. खडीवर बिट आला की आवाज बदलतो, भुरभुर पडणारी राखाडी पूड थांबते, आणि खालून शिडी धरलेला दीर म्हणतो, “वहिनी, दगड लागला.” मग मी जोर वाढवते, आणि भिंतीवर जितका जोर देते तितकीच भिंत मला शिडीवर मागे ढकलते. दीड-दोन मिनिटे रेटल्यावर बिटचे टोक निळे पडते. टंगस्टन कार्बाइडची पात ज्या झाळणाने बसवलेली असते ते तापून सैल होते आणि पात निघून येते. थांबून, थंड होऊ देऊन, पुन्हा लावणे हाच मार्ग. भोकाच्या तळाशी धातूची लखलखती चीर दिसली तर ती सळई. तिथे हट्ट न करता भोक दोन बोटे सरकवावे.

गेल्या चतुर्थीच्या आधी काकांच्या नव्या घरी माटोळीसाठी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांच्या चौकटीसाठी, स्लॅबमध्ये हूक लावून द्यायचे होते. नारळाची पेंड, केळीचा घड, निरफणस, तोरिंगण, सुपारीचे शिपटे आणि रानातली फळे-वेली असा सगळा भार त्या चौकटीला लटकतो. तिथे गिट्टीवर भरवसा ठेवता येत नाही, लोखंडी फास्टनरच हवा, आणि त्यासाठी बारा मिलिमीटरचे भोक. चौदा हुकांपैकी पहिल्या दोनांतच ब्रशलेस ड्रिलची एक बॅटरी संपली, यंत्र तापून आपोआप बंद पडले आणि माझे खांदे भरून आले. शेजारच्या मेस्ताने आपले छोटे बॅटरीवरचे रोटरी हॅमर दिले. उरलेली बारा भोके पाऊण तासात झाली, तीही फारसे न दाबता.

रोटरी हॅमरमध्ये दातेरी चकत्या नसतातच. सिलिंडरमधला पिस्टन हवा दाबतो, त्या हवेच्या उशीने आतला ठोक्या बिटच्या शेपटावर आपटतो, आणि बिट पकडीत पुढे-मागे सरकायला मोकळा असतो. ती एसडीएस नावाची पकड बॉशने १९७५ साली आणली. ठोके मिनिटाला चार-पाच हजारच, पण एकेक ठोका खडी फोडणारा. त्याच आठवड्यात मी माझ्या बॅटरीवर चालणारे, दोन ज्यूलच्या आसपास ठोक्याचे, नुसते यंत्र घेतले. बॅटऱ्या आधीच्याच चालत असल्याने खर्च निम्म्यावर आला. लिंटेलमधले तेच सहा मिलिमीटरचे भोक आता दहा सेकंदांत होते.

मग हॅमर ड्रिल कशाला ठेवले, असे दीर विचारतो. चिऱ्यासाठी. चिऱ्यात रोटरी हॅमर घातला की भोकाच्या कडा ढासळतात आणि गिलाव्याचा पोपडा निघतो. तिथे मी हॅमर ड्रिलचा ठोका बंद करून, नुसत्या फिरण्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये भोक पाडते. गिट्टी आठ मिलिमीटरची घेते आणि स्क्रू लांब. मातीचा कप्पा लागला तर ते भोक सिमेंटने बुजवून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडते. जुन्या, चुन्याच्या दर्जांच्या घरांत मी ठोका कधीच लावत नाही, कारण आतल्या बाजूचा गिलावाही सुटून येतो. शिवाय स्क्रू मारणे, लाकूड भोकणे, पेल्मेट जोडणे ही दिवसातली निम्मी कामे त्याच ड्रिलवर होतात.

आपल्या हवेत या यंत्रांची निगा थोडी वेगळी ठेवावी लागते. मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावरची कामे झाली की आठवड्यात चकाच्या जबड्यांवर तांबेरा येतो, म्हणून घरी आल्यावर चक उघडून तेलाचा हात फिरवते. चिऱ्याची तांबडी पूड मैद्यासारखी बारीक असते आणि जाळीतून मोटरपर्यंत जाते. ती रंगाच्या कोरड्या ब्रशाने झटकते. छतात भोक पाडताना अर्ध्या करवंटीला मध्ये भोक पाडून ती बिटमध्ये ओवते. वरून पडणारी सगळी पूड त्या करवंटीत जमते, डोळे आणि यंत्र दोन्ही वाचतात. प्लॅस्टिकचे कप वापरून पाहिले, पण ते तापलेल्या बिटला चिकटतात.

घेणाऱ्याने मला विचारले तर मी म्हणेन की काम चिऱ्याचे, लाकडाचे आणि अधूनमधून लिंटेलचे असेल तर ब्रशलेस हॅमर ड्रिल आणि ४ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या पुरेत. मला असा संच सुमारे ₹१८,००० ला पडला. रोज स्लॅबमध्ये काम असेल तर आधी रोटरी हॅमर घ्यावा. कोणतेही घेताना त्याच बॅटरीवर त्या कंपनीची आणखी कोणती यंत्रे चालतात ते पाहावे, कारण पुढे पैसा बॅटऱ्यांतच जातो. बिल जपावे.

पावसाने जोर धरला आहे आणि बसवणीची शेवटची दोन कामे गेल्या आठवड्यात झाली. दोन्ही बॅटऱ्या चारांपैकी दोन दिवे लागतील एवढ्या भरून, यंत्रातून काढून, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवल्या आहेत. डब्याच्या झाकणावर तारीख लिहिली आहे, आणि दर महिन्याला एकदा दिवे तपासायचे काम दिराकडे आहे.